सॅफ्रन वॉल्डनची इतिहासफेरी : घर घेण्याआधी करावी अशी अडीच तासांची पायपीट

इंग्लंडच्या एसेक्स परगण्याच्या वायव्य टोकाला असलेल्या सॅफ्रन वॉल्डन या गावात घर घ्यावे की नाही, हा विषय आमच्या घरी जवळजवळ वर्षभर चालू आहे. पत्नीची नोकरी केंब्रिजला आणि माझी लंडनला. केंब्रिजपासून सुमारे १५ मैलांवर आणि लंडनपासून ४० मैलांहून थोड्या अधिक अंतरावर असलेले हे बाजारपेठेचे गाव दोघांनाही सोयीचे वाटत होते. घरे पाहण्यासाठी आम्ही चार वेळा जाऊन आलो, खोल्या मोजल्या, शाळांची चौकशी केली; पण गाव म्हणून ते कसे घडले आणि त्या घडणीचा तिथल्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे चार भेटींतही कळले नव्हते. ते कळले पाचव्या भेटीत, गावातील काही इतिहासप्रेमी मंडळी नव्याने राहायला येऊ इच्छिणाऱ्यांसाठी चालवतात त्या पायी फेरीत. दरडोई ८ पौंड शुल्क आणि अडीच तासांचा वेळ घेणाऱ्या या फेरीबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले, कारण तिच्यात जे उत्तम आहे ते फारच उत्तम आहे आणि जे राहून जाते ते घर घेणाऱ्याला महागात पडू शकते.

फेरी सुरू होते ती किल्ल्याच्या अवशेषांपाशी, संग्रहालयाच्या आवारात. आमच्या मार्गदर्शक बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत गावाच्या नावाचा उलगडा केला. ‘वॉल्डन’ या जुन्या इंग्रजी नावातील पहिल्या अंशाचा अर्थ ‘परका’ किंवा ‘ब्रिटन’ लोकांपैकी एक, आणि दुसऱ्याचा अर्थ खोरे. म्हणजे सॅक्सन लोक येण्याआधीपासून इथे राहत असलेल्यांचे हे खोरे. मध्ययुगात त्याला ‘चेपिंग वॉल्डन’ म्हणत. चेपिंग, म्हणजेच इंग्लंडमधील कितीतरी गावांच्या नावांत आढळणारे ‘चिपिंग’, याचा अर्थ बाजार. मराठीत सांगायचे तर ‘वॉल्डन पेठ’. केशराचे नाव त्याला चिकटले ते सोळाव्या शतकात.

समोर दिसणारा गारगोटीच्या दगडांचा ओबडधोबड ढिगारा म्हणजे एसेक्सचा पहिला अर्ल जेफ्री द मँडव्हिल याने ११४० च्या सुमारास उभारलेल्या बालेकिल्ल्याचे अवशेष. राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्यात गादीसाठी यादवी चालू होती, आणि जेफ्री कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या बाजूला जाऊन दोघांकडूनही सवलती मिळवीत होता. या यादवीची हकिगत बाईंनी फार रंगवून, थोडी जास्तच वेळ सांगितली. तिच्यातील एक सवलत मात्र घर घेणाऱ्याने नीट ऐकावी अशी आहे. ११४१ मध्ये मटिल्डाने सनद देऊन, तीन-साडेतीन मैलांवरच्या न्यूपोर्ट येथे भरणारा बाजार वॉल्डनला आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी हलवण्याची परवानगी जेफ्रीला दिली.

दोन्ही ठिकाणी बाजार का चालला नसता, हा प्रश्न गटातील एका तरुणाने विचारला आणि त्याचे उत्तर मला संपूर्ण फेरीतील सर्वांत मोलाचे वाटले. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजार भरवणे हा केवळ व्यापार नव्हता, तर राजाकडून मिळणारा हक्क होता. ज्याच्याकडे सनद, त्याच्याकडे गाळ्यांचे भाडे, जकात आणि वजनमापांवरील देखरेख. शेजारच्या नव्या बाजारामुळे जुन्याचे नुकसान होऊ नये यासाठी तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात एक अंतर सांगितले गेले : पावणेसात मैलांहून किंचित कमी. त्यामागचा हिशेब साधा होता. माणूस दिवसाला वीस मैल चालतो असे धरले, तर दिवसाचा एक भाग जाण्यात, एक भाग खरेदी-विक्रीत आणि एक भाग परतण्यात जावा. म्हणजे बाजार घरापासून वीस मैलांच्या एक तृतीयांश अंतरावर असावा. इंग्लंडचा नकाशा पाहिला असता बाजारपेठांची गावे ठरावीक अंतराने पेरल्यासारखी दिसतात, त्याचे एक कारण माणसाच्या पायांची ही क्षमता आहे. न्यूपोर्ट वॉल्डनच्या फार जवळ होते. जेफ्रीला बाजार हवा तर न्यूपोर्टचा जाणे भाग होते.

न्यूपोर्ट मात्र कॅम नदीच्या मुख्य खोऱ्यात, लंडनहून केंब्रिजकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, आणि वॉल्डन आहे बाजूच्या एका लहान खोऱ्यात, स्लेड नावाच्या ओढ्याकाठी. एका सरदाराने आपल्या किल्ल्याजवळ पेठ असावी म्हणून ती हमरस्त्यावरून आडबाजूला आणली, आणि पुढची आठशे वर्षे गावाचे जे बरेवाईट झाले त्यात या आडबाजूच्या जागेचा हात राहिला. बाईंनी हे इतक्या स्पष्ट शब्दांत मांडले नाही. चालता चालता ते माझ्या लक्षात येत गेले. फेरीच्या सुरुवातीलाच एक नकाशा दाखवून हे सूत्र सांगितले असते, तर पुढचा प्रत्येक थांबा अधिक अर्थपूर्ण झाला असता.

किल्ल्यावरून आम्ही सेंट मेरीज चर्चकडे गेलो. एसेक्समधील हे सर्वांत मोठे पॅरिश चर्च १४५० ते १५२५ या काळात जवळजवळ नव्याने बांधले गेले, आणि त्या कामात केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलशी संबंधित असलेला गवंडी जॉन वॉस्टेल याचाही सहभाग होता. १९३ फूट उंचीचा निमुळता कळस मात्र १८३२ चा. आत थॉमस ऑडली याचे काळ्या दगडातील थडगे आहे. आठव्या हेन्रीचा हा लॉर्ड चॅन्सेलर, आणि १५३८ मध्ये वॉल्डनचा मठ बरखास्त झाल्यावर त्याची मालमत्ता त्यालाच मिळाली. गावाच्या पश्चिमेला असलेला ऑडली एंडचा प्रासाद त्या मठाच्या जागी उभा आहे. सध्याचा प्रासाद सफकच्या पहिल्या अर्लने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या महालाचा उरलेला भाग. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तो ५०,००० पौंडांना विकत घेतला होता, न्यूमार्केटच्या घोड्यांच्या शर्यतींना जाताना मुक्कामासाठी. १६४७ च्या वसंतात, राजाविरुद्धच्या यादवीत लढलेल्या पार्लमेंटच्या सैन्याचा तळ या परिसरात असताना, थकलेल्या पगाराच्या आणि आयर्लंडला जाण्याच्या प्रश्नावर सैन्याचे प्रतिनिधी आणि क्रॉमवेलसह आलेले पार्लमेंटचे आयुक्त यांच्या बैठका याच चर्चमध्ये झाल्या. हा सगळा भाग बाईंनी वीस मिनिटांत उरकला, आणि तो तितकाच हवा होता.

चर्चमधून बाहेर पडून आम्ही बाजाराच्या चौकात आलो. इथून पुढचा तास म्हणजे या फेरीचा प्राण आहे.

बाजार आजही मंगळवारी आणि शनिवारी भरतो. आम्ही शनिवारी गेलो होतो. फळे, चीज, पाव, मासे, रोपे आणि कापड यांच्या मांडवांतून वाट काढत बाईंनी आम्हाला चौकाच्या कडेला असलेल्या अरुंद बोळांकडे नेले आणि त्यांची नावे वाचायला सांगितली : बुचर रो, मर्सर्स रो, मार्केट रो. खाटकांची आळी, कापडवाल्यांची आळी, बाजाराची आळी. या आळ्या इतक्या अरुंद का, तर त्या मुळात रस्ते नव्हतेच. मध्ययुगातील बाजाराचे पटांगण आजच्या चौकापेक्षा बरेच मोठे होते. त्यात एकेका धंद्याचे लोक ठरलेल्या ओळीत बाजाराच्या दिवशी फळकुटे मांडत. पुढे ती फळकुटे संध्याकाळी आवरली जाईनाशी झाली, मग त्यांवर छप्पर आले, मग वर झोपण्यासाठी माळा आला आणि अखेरीस मालाच्या ओळींच्या घरांच्या ओळी झाल्या. दोन ओळींमध्ये ग्राहकाला चालायला जेवढी जागा सोडलेली होती, तेवढीच आजची आळी. बोळाच्या दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लावता येतील अशा एका जागी बाईंनी सर्वांना थांबवले. पाचशे वर्षांपूर्वीच्या बाजारात ग्राहक म्हणून उभे असल्याचा तो अनुभव कोणत्याही पुस्तकातून मिळाला नसता.

ज्यांना इथे घर घ्यायचे आहे त्यांनी या बोळांकडे आणखी एका नजरेने पाहावे. गावाच्या मध्यभागी मोटार उभी करण्याची अडचण, सामान पोचवणाऱ्या गाड्यांचा खोळंबा, बाजाराच्या दिवशी चौकात वाहनांना असलेली अडचण, या तक्रारींचे मूळ या आळ्यांच्या घडणीत आहे आणि त्यावर कोणत्याही नगरपालिकेकडे सोपा उपाय असणार नाही. मध्यवस्तीतील सुंदर घर पाहून मोहून जाणाऱ्याने मंगळवारी किंवा शनिवारी सकाळी दहा वाजता तिथे एकदा उभे राहावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

केशराची हकिगत चौकातच सांगितली जाते. पंधराव्या-सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत गावाभोवतालच्या, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या खडूमिश्रित जमिनीत केशराची शेती होत असे. केशराचे कंद उन्हाळ्यात लावायचे, शरद ऋतूत पहाटे फुले उमलताच ती खुडायची, प्रत्येक फुलातील तीन लाल तंतू हाताने वेगळे करायचे आणि ते मंद आचेवर वाळवायचे. एक किलो वाळलेल्या केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात. त्यामुळे हंगामात बायका-मुलांसह सगळे गाव या कामाला जुंपलेले असे. हे केशर पदार्थांत जाई, औषधांत जाई आणि कापड रंगवण्यासाठीही वापरले जाई. ज्या गावात लोकरीचा व्यापार आहे त्या गावात रंगाला गिऱ्हाईक असणारच. म्हणून केशर इथे रुजले ते जमिनीइतकेच बाजारामुळेही. शेजारच्या रॅडविंटर गावचे धर्मगुरू विल्यम हॅरिसन यांनी सोळाव्या शतकात या शेतीचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले, म्हणून तिचे तपशील आज उपलब्ध आहेत. राजघराण्यातील पाहुणे ऑडली एंडला आले की गावातर्फे त्यांना चांदीच्या पेल्यातून केशर भेट देण्याची प्रथा होती.

१५४९ मध्ये सहाव्या एडवर्डने गावाला नवी सनद दिली आणि त्या काळापासून गावाच्या चिन्हात तटबंदीच्या आत तीन केशरफुले दिसतात. इंग्रजीत ‘सॅफ्रन वॉल्ड-इन’, म्हणजे ‘तटाच्या आतले केशर’, हे शब्द मोठ्याने म्हटले की ते गावाच्या नावासारखेच ऐकू येतात. शब्दांच्या ध्वनीवरून चिन्ह बनवण्याची ही जुनी युरोपीय रीत आहे. प्रत्यक्षात गावाला दगडी तट कधी नव्हता. तेराव्या शतकातला मातीचा बांध आणि खंदक तेवढा होता, आणि त्याचा काही भाग ‘बॅटल डिचेस’ या नावाने अजून पाहायला मिळतो. परदेशातून स्वस्त केशर येऊ लागले, मजुरी परवडेनाशी झाली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस शेती संपली. ज्या पिकाने गावाला नाव दिले ते जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली आहेत. केशर दाखवा म्हणून विचारणाऱ्या पाहुण्यांना बाई नम्रपणे संग्रहालयाकडे पाठवतात.

केशरानंतर गावाला तारले ते जव या धान्याने. जवाला मोड आणून, भाजून त्याचा माल्ट करायचा आणि तो बिअर गाळणाऱ्यांना पुरवायचा, हा धंदा अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आला आणि त्याच्या केंद्रस्थानी होते गिब्सन हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे घराणे. क्वेकर पंथीयांना विद्यापीठे आणि सरकारी पदे दीर्घकाळ बंद असल्याने त्यांची बुद्धी व्यापारात आणि बँकिंगमध्ये लागली, हे बाईंनी आवर्जून सांगितले. गिब्सनांची बँक १८९६ मध्ये इतर अनेक क्वेकर बँकांबरोबर एकत्र येऊन बार्कलेजचा भाग झाली. त्या बँकेसाठी १८७४ मध्ये बांधलेली भव्य इमारत चौकात उभी आहे. १८४८ मध्ये पूर्ण झालेला धान्यबाजार आता गावाचे ग्रंथालय आहे. जॉर्ज स्टेसी गिब्सन हे या घराण्यातील सर्वांत उदार गृहस्थ. ते वनस्पतिशास्त्रज्ञही होते. १८६६ मध्ये सुरू झालेले रुग्णालय, नगरभवनाचा विस्तार, शाळा, यांमागे त्यांचा पैसा होता. त्या रुग्णालयाच्या इमारतीत पुढे अटल्सफर्ड जिल्हा परिषदेची कचेरी आली, म्हणजे नव्या रहिवाशाला बांधकामाच्या परवानगीसाठी ज्या इमारतीशी संबंध येतो ती मुळात या गृहस्थांच्या दानातून उभी राहिली आहे.

चौकातील नगरभवनापाशी बाईंनी विचारले, यातला सर्वांत जुना भाग कोणता? आम्ही सगळ्यांनी काळ्या लाकडी पट्ट्यांच्या, पुढे झुकलेल्या दर्शनी भागाकडे बोट दाखवले. तो भाग १८७९ चा निघाला. जुनी वास्तू त्याच्या मागे, अठराव्या शतकातली. व्हिक्टोरियन काळातील लोकांना आपले गाव मध्ययुगीन दिसावे असे वाटले आणि त्यांनी ते तसे केले. उलट, हाय स्ट्रीटवरच्या सपाट, नेटक्या दर्शनी भिंतींच्या कितीतरी घरांच्या पोटात पंधराव्या-सोळाव्या शतकातील लाकडी सांगाडा आहे. घराची पुढची भिंत पाहून वय ठरवू नये. छपराची उतरण, मजल्यांची उंची आणि धुराड्याची जागा पाहावी, हा धडा इथे प्रत्यक्ष मिळतो आणि तो खरेदीदाराला फार उपयोगी आहे.

याच ओघात चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील ओल्ड सन इन पाहायला मिळते. तिच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यात उठवलेली चित्रे आहेत, आणि त्यावर १६७६ हे वर्ष कोरलेले आहे. पार्जेटिंग नावाची ही कला इंग्लंडच्या या पूर्वेकडील भागाची खासियत. इथे बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. मिळते ते लाकूड, माती, चुना आणि गारगोट्या. म्हणून घरे लाकडी सांगाड्याची, भिंती कुडाच्या, वर चुन्याचा गिलावा, आणि हौस फेडायची ती त्या गिलाव्यातच. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि लाकूड कुजू लागते. गेल्या शतकात अनेक जुन्या घरांवर असे सिमेंट चढवले गेले. बाईंनी एका भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज ऐकवला आणि तिथेच थांबून दहा मिनिटे या विषयावर बोलल्या. खरेदीआधी घराची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरला कोणते प्रश्न विचारावेत, हे मला त्या दहा मिनिटांत कळले.

आता उणिवा.

पहिली उणीव गटाच्या आकाराची. आम्ही बावीस जण होतो, बाईंकडे ध्वनिवर्धक नव्हता आणि शनिवारच्या गजबजाटात मागच्यांना निम्मे बोलणे ऐकू आले नाही. वाटलेल्या नकाशावरची अक्षरे वयस्करांना वाचता येण्यासारखी नव्हती. किल्ल्याचा चढ आणि चर्चभोवतीची फरसबंदी चाकाच्या खुर्चीला किंवा बाबागाडीला अवघड आहे, याची पूर्वसूचना नोंदणी करताना मिळायला हवी होती.

दुसरी आणि खरी उणीव अशी की, ही फेरी १८८० च्या आसपास जवळजवळ संपते. शेवटची पंधरा मिनिटे विसाव्या शतकाला मिळाली, आणि नव्या रहिवाशाचे जगणे ज्या गोष्टींनी बांधलेले आहे त्यांतील बऱ्याच त्याच शतकातल्या आहेत. रेल्वेचेच पाहा. १८४५ मध्ये लंडन-केंब्रिज मार्ग कॅमच्या मुख्य खोऱ्यातून गेला. न्यूपोर्टला, म्हणजे सातशे वर्षांपूर्वी ज्याचा बाजार हिरावला गेला त्या गावाला, स्थानक मिळाले आणि वॉल्डनला मिळाले नाही. ऑडली एंड नावाचे स्थानक गावापासून दोन मैलांवर, वेंडन्स ॲम्बो या खेड्यात आहे. गिब्सनांच्या पुढाकाराने १८६५ मध्ये तिथून गावात येणारा फाटा सुरू झाला, पुढच्याच वर्षी तो बार्टलोपर्यंत वाढला, आणि १९६४ मध्ये देशभरातील तोट्यातील मार्गांबरोबर तोही बंद पडला. आजही ऑडली एंडहून लंडनला सुमारे तासाभरात आणि केंब्रिजला वीस-बावीस मिनिटांत पोचता येते; परंतु त्या तासात घरापासून स्थानकापर्यंतचे दोन मैल धरलेले नसतात. बस, सायकल किंवा मोटार आणि तिच्या पार्किंगचा पास हा रोजचा खर्च आणि रोजचा वेळ आहे. जाहिरातींत ‘लंडनपासून तासावर’ असे छापलेले असते. फेरीत या विषयाला एकच वाक्य मिळाले, आणि तेही मी विचारले म्हणून.

तसेच १९६९ च्या आगीचे. त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी चौकातील रोझ अँड क्राउन या जुन्या हॉटेलला लागलेल्या आगीत ११ जणांचा मृत्यू झाला, आणि हॉटेलांसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक करणाऱ्या १९७१ च्या कायद्यामागच्या घटनांत तिचा उल्लेख होतो. लाकडी सांगाड्याच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या वास्तूंमध्ये राहू पाहणाऱ्यांना ही घटना ठाऊक असणे आवश्यक आहे. बाईंनी ती जड आवाजात, दोन वाक्यांत सांगितली. गावातील जुन्या लोकांना ती अजून बोलवत नाही असे दिसले, आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो. तरीही फेरीच्या संयोजकांनी तिला अधिक जागा द्यावी.

दुसऱ्या महायुद्धातील भाग तर पूर्णच सुटला. ऑडली एंडच्या प्रासादात पोलिश गुप्त पथकांचे प्रशिक्षण चालत असे आणि तिथून मायदेशी उतरून प्राण गमावलेल्या १०८ जणांचे स्मारक तिथल्या बागेत आहे. जवळच्या डेब्डनच्या धावपट्टीवरून अमेरिकी लढाऊ विमाने उडत. १९२९ ते १९६५ अशी छत्तीस वर्षे या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे आर. ए. बटलर, ज्यांच्या नावाने इंग्लंडचा १९४४ चा शिक्षण कायदा ओळखला जातो आणि ज्यांचा जन्म तत्कालीन हिंदुस्थानातील अटक येथे झाला होता, त्यांची समाधी सेंट मेरीजच्या आवारात आहे. तिच्यावरून आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कोणी काही सांगितले नाही. क्वेकरांची शाळा १८७९ मध्ये गावात आली आणि २०१७ मध्ये बंद झाली, हेही मला दुसऱ्या दिवशी एका दुकानात कळले. मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला हा इतिहास गढीच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे.

या उणिवा भरून काढण्यासाठी मी दोन गोष्टी सुचवेन. फेरीनंतर तासभर संग्रहालयात घालवावा. १८३५ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय मुद्दाम संग्रहालय म्हणून बांधलेल्या इंग्लंडमधील सर्वांत जुन्या इमारतींपैकी एक आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात भारतातून आलेला हौदा मांडण्यासाठी जो पेंढा भरलेला हत्ती हवा होता, तो याच संग्रहालयाने दिला होता, आणि तो निघाला आफ्रिकी. त्यानंतर संध्याकाळी गावाच्या पूर्वेकडील कॉमनवर, म्हणजे सार्वजनिक हिरवळीवर, जावे. तिथे हिरवळीत कोरलेले चक्रव्यूह आहे, इंग्लंडमधील आपल्या प्रकारातले सर्वांत मोठे. १६९९ मध्ये ते नव्याने कोरल्याची नोंद आहे, म्हणजे ते त्याहून जुने. त्याची वाट चालत पूर्ण करायची तर जवळजवळ एक मैल होतो. फेरीत ते नाही, कारण ते वाटेपासून लांब पडते. आमच्या आठ वर्षांच्या मुलीने ते पूर्ण केले, आणि त्या वीस मिनिटांत शेजारच्या बाकांवरील तीन कुटुंबांशी आमची ओळख झाली.

शुल्काच्या मानाने फेरी निश्चितच योग्य आहे. नोंदणी सोपी झाली, वेळ पाळली गेली, आणि मार्गदर्शक बाईंचे ज्ञान पाठ केलेले नव्हते. एखादी गोष्ट वादग्रस्त असली तर त्या तसे सांगत होत्या. ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांनी ती किंमत ठरवण्याआधी करावी, नंतर नव्हे. शक्य असल्यास मंगळवार निवडावा. बाजारही दिसतो आणि गर्दी शनिवारपेक्षा कमी असते. बाईंच्या जवळ राहावे आणि रेल्वे, शाळा, वाहने यांबद्दलचे प्रश्न लिहून न्यावेत, कारण विचारल्यावर त्या मोकळेपणाने उत्तरे देतात.

आम्हाला पसंत पडलेले घर कासल स्ट्रीटजवळचे आहे, सूचीबद्ध, म्हणजे कायद्याने संरक्षित, वास्तूंपैकी. फेरीत बाईंनी सांगितले होते की, अशा वास्तूत आत किंवा बाहेर तिचे स्वरूप बदलणारे काम परवानगीशिवाय करणे हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे, ते काम पूर्ववत करायला लावण्यास कालमर्यादा नाही, आणि आधीच्या मालकाने केलेल्या अशा कामाची जबाबदारी नव्या मालकावर येऊ शकते. त्या घराच्या मागच्या बाजूला दुहेरी काचेच्या, स्वच्छ पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटींच्या दोन खिडक्या आहेत. आधीच्या चारही भेटींत त्या खिडक्यांचे आम्ही कौतुक केले होते. सोमवारी सकाळी सॉलिसिटरना त्या परवानगीचे कागद मागवायला सांगितले असून ते हाती येईपर्यंत आम्ही पुढचे पाऊल थांबवले आहे.